स्वच्छ कपड्यांची बाजू

“मरावंसं वाटतं का?” डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न काढता विचारलं.

दार सताड उघडं होतं. ते मिटू नये म्हणून खाली वीट लावलेली. रांगेतली चार-पाच डोकी आत डोकावत होती आणि त्यांच्या मागे, चादरींची ढकलगाडी घेऊन, धुलाईखान्यातला गाडीवाला उभा होता. त्याने तिला ओळखलं होतं आणि तो नजर वळवत नव्हता.

“नाही,” ती म्हणाली.

मग झोप लागते का, भूक लागते का, असं विचारलं गेलं. दोन्हींना ती हो म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर खुणा केल्या, शक्तीच्या गोळ्यांची चिठ्ठी फाडून दिली आणि पुढचा नंबर पुकारला. चार तास रांगेत उभं राहून तिच्या वाट्याला तीन मिनिटं आली होती, आणि त्या तीन मिनिटांत ती तीनदा खोटं बोलली होती.

याच हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्यात, ती एकोणीस वर्षं कामाला होती. पहिली सात वर्षं मळक्या बाजूला काढली. वॉर्डांतून आलेले रक्ताचे, उलटीचे, पुवाचे कपडे वेगळे करायचे आणि मशीनमध्ये टाकायचे. नव्या बायका नाकाला फडकं लावायच्या, जेवण टाकून उठायच्या. हिला कधी किळस आली नाही. घाणच ती, धुतली की जाते, असं ती त्यांना सांगायची आणि तिथेच बाजूला बसून डबा खायची. पुढे तिला स्वच्छ बाजूला घेतलं. तिथे ती चादरींची अशी घडी घालायची की कडेला कड लागून रेघ दिसावी. तेव्हापासून सगळे तिला घडीवाली म्हणायचे.

आता चार महिने झाले, तिला सगळ्याचीच किळस येत होती. आधी चहाची आली, गंजाचं पाणी प्यायल्यासारखी. मग जेवताना होणाऱ्या नवऱ्याच्या मचमच आवाजाची. मग स्वतःची. केसांना वास मारायचा, पण न्हाणीघरात जाऊन तांब्या उचलणं डोंगर उचलण्यासारखं वाटायचं. पहाटे छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय गार पडायचे, आणि काहीतरी वाईट होणार ही भीती दिवसभर मानगुटीवर बसलेली असायची. काय होणार, ते तिला सांगता यायचं नाही. चादर हातात घेतली की ती घेऊन उभीच राहायची.

सल्ले फुकट मिळाले आणि भरपूर मिळाले. सासू म्हणाली, आमच्या वेळी असली थेरं करायला सवडच नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नये. भाऊ फोनवर म्हणाला की सगळं चांगलं चाललेलं असताना तुला खुपतंय तरी काय. नवरा एकदा तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरने शेंगदाणे खात खात तिची नाडी बघितली, खारट बोटांनी डोळ्याची पापणी ओढली आणि ताकदीचं इंजेक्शन देऊन दोन दिवसांच्या पगाराएवढे पैसे घेतले. मनाचा म्हणून जो डॉक्टर बाहेर बसतो, त्याची फी तर विचारायचीही सोय नव्हती. राहिला आपल्याच हॉस्पिटलचा, मनाच्या आजारांचा चौथा मजला. तिथे फुकट बघायचे, पण तिथे जाणाऱ्यांना तळघरात ‘वरचा मजला रिकामा’ म्हणायचे. तीही त्या विनोदाला हसलेली होती.

चिठ्ठी घेऊन ती जिना उतरू लागली आणि दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली. शक्तीच्या गोळ्या. तिला गाडीवाल्याच्या रोखलेल्या नजरेची किळस आली, त्या विटेची आली, आणि सगळ्यांत जास्त आली ती आपल्या ‘नाही’ची. आत्ता खाली गेले तर पुन्हा कधी वर येणार नाही, एवढं तिला स्वच्छ कळलं. ती उठली आणि परत चढू लागली.

रांगेतले लोक ओरडले, मध्ये घुसते म्हणाले. आतला म्हातारा उठून बाहेर पडत होता. त्याला वाट देऊन ती आत शिरली, पायाने वीट सरकवली आणि दार लावून घेतलं.

“नंबर नसताना कशा आलात?” डॉक्टरीणबाई चिडल्या.

“बाई, मघाशी मी खोटं बोलले. दार उघडं होतं.”

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. वयाने लहान होत्या, डोळे लाल झालेले. सकाळपासून त्यांनी बहुधा पाणीही घेतलं नसावं.

“बोला,” त्या म्हणाल्या.

“रोज वाटतं. सकाळी डोळा उघडला की पहिलं तेच वाटतं, की का उघडला.”

पुढचं ती कसं बोलली तिला आठवत नाही. बाहेरून दार वाजत होतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा थांबा म्हणून सांगितलं. मग त्यांनी जुना कागद बाजूला सारून नवा घेतला. हा आजार आहे, म्हणाल्या, थेरं नाहीत. गोळ्यांनी पहिले काही दिवस पोटात ढवळेल, गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर सोडायच्या नाहीत. गुरुवारी समुपदेशनाच्या बाई बसतात, त्यांच्याशी बोलायचं. आज घरी सोबत कोण असेल, तेही विचारून घेतलं. आणि जगणं नको असं फार वाटलं, तर रांगेत थांबायचं नाही, सरळ आत यायचं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नखं कुरतडू लागला. मग म्हणाला की गोळ्या कपाटात कपड्यांमागे ठेव, जाऊबाई येत-जात असतात. तिने त्या पाण्याच्या माठाशेजारी ठेवल्या. त्याने हलवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचण्याआधी बातमी पोचली होती. तिचा कप बाकीच्या कपांपासून वेगळा, खिडकीत ठेवलेला दिसला. घड्यांच्या टेबलावर तिच्या समोर उभी राहणारी ठेंगणी आज पलीकडच्या टेबलावर होती. मुकादम आला आणि हसत म्हणाला की तू आता मळक्या बाजूला जा, तिथे डोक्याला ताप नाही, आणि स्वच्छ कपडे रुग्णांच्या अंगाला लागतात, उगाच कशाला.

“उगाच कशाला म्हणजे?” तिने विचारलं.

“समजून घे ना.”

सात वर्षं तिने परक्यांची घाण हातांनी वेगळी केली होती आणि हा माणूस तिच्याकडे नाक मुरडून बघत होता. तिला किळस आली. पण या वेळी स्वतःची नाही, त्याची, आणि सोबत आलेल्या रागाने हातापायांना ऊब आली.

“लेखी द्या,” ती म्हणाली. “कारण लिहा आणि खाली सही करा. मी लगेच जाते.”

मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं. बायकांनी माना खाली घातल्या. साधी गोष्ट होती, ही लगेच पराचा कावळा करते, असं पुटपुटत तो निघून गेला. कागद काही आला नाही. समोर उभं राहायलाही कुणी आलं नाही. मोठ्या चादरींना दोघी लागतात. तिने एक टोक खांबाच्या खिळ्याला अडकवलं आणि एकटीच पुढेमागे चालत घड्या घालू लागली. दुपारपर्यंत तिचा ढीग इतरांच्या निम्मा झाला. मुकादमाने वहीत तो मोजून लिहिला.

गुरुवारी अकरा वाजता तिने ॲप्रन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “चौथ्या मजल्यावर जाऊन येते.” कुणी वर पाहिलं नाही. ठेंगणीने मात्र ती जाईपर्यंत हातातली उशीची खोळ तशीच धरून ठेवली.

समुपदेशनाच्या बाईंची खोली म्हणजे जुनी सामानाची खोली होती. तुटकी स्टूलं, औषधाचा वास, एक टेबल. बाई पोक्त होत्या. त्यांनी स्वतः उठून दार लावलं आणि काय होतंय ते सावकाश सांगायला सांगितलं.

“किळस येते,” घडीवाली म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, “आधी सगळ्यांत जास्त माझीच यायची. या आठवड्यात पहिल्यांदा दुसऱ्यांची जास्त आली.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य तिच्याच शब्दांत, जसंच्या तसं, लिहून घ्यायला सुरुवात केली. घडीवाली हात मांडीवर ठेवून, पेन कागदावर सरकताना बघत बसली.