उनाईसीच्या दाराची साखळी

गंजलेल्या साखळीला तिची कहाणी कोणी आपणहून विचारत नाही, म्हणून मित्रांनो, मीच सुरुवात करते. मी एक जुनी दाराची साखळी आहे. सुवा शहरातल्या एका भाड्याच्या खोलीला चार स्क्रूंनी टांगलेली.

कारखान्यात मला जोरजोरात ओढून पाहिलं आणि वेष्टनावर 'मजबूत' असं छापलं. माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे ओसेआ नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. त्याची बहीण उनाईसी लाकेंबा बेटावरून इथे औषधाच्या दुकानात नोकरीला आली होती. मला दाराला बसवताना तो म्हणाला, "रोज लावायची. शहर आहे हे."

"हो रे आजोबा," ती म्हणाली, आणि तो गेल्यावर तिने माझ्यावर ओली छत्री वाळत घातली.

त्यांच्या बेटावर जेवायला बसलं की दार सताड उघडं ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. न मारणारा कंजूष ठरतो. उनाईसीने ही रीत शहरात जशीच्या तशी आणली. रोज संध्याकाळी ताट वाढून ती जिन्याकडे तोंड करून ओरडायची, "या हो जेवायला! एकटीच आहे मी!"

एकटीच आहे! चोराला याहून स्वच्छ भाषेत कोण सांगेल? मी छत्रीखाली नुसती चरफडायचे. हाकेला यायच्या त्या फक्त शेजारच्या म्हाताऱ्या बुबू. नारळाच्या रसातला मासा खाऊन तृप्त व्हायच्या आणि वर मलाच नावं ठेवायच्या, "हे लोढणं काढून टाक गं. पिशवी अडकते माझी."

एका रविवारी ओसेआने फोनवर तिला फैलावर घेतलं. "आत्ताच्या आत्ता लाव. मला आवाज ऐकू दे!" तिने फोन माझ्याजवळ धरून मला खोबणीत सरकवलं. फोन ठेवला, तोच दार वाजलं.

दार चार बोटं उघडलं. बाहेर एक अनोळखी, हसरा माणूस. "उनाईसी ना? मी तुझ्या गावचा. आईने पाठवलंय. एकटीच असतेस ना?" मग माझ्याकडे पाहून तो दुखावल्यासारखा म्हणाला, "गावच्या माणसाला साखळी? तिकडे कळलं तर काय म्हणतील?"

ती शरमेने अर्धी झाली. तिची बोटं माझ्यावर आली. मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही, चावता येत नाही. आतल्या हाताने काढलं की आम्ही निमूट सुटतो.

काढता काढता तिने सहज विचारलं, "आईने काय पाठवलंय?"

"काही नाही. नुसतं बघून ये म्हणाली."

"खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा नाही?"

"बोटीत... सामान फार होतं गं."

उनाईसीची आई वैऱ्यालासुद्धा रिकाम्या हाताने बोटीत चढू देत नाही. उनाईसीने दार लावायला खांद्याने जोर दिला. त्याने बाहेरून रेटलं. माझे स्क्रू करकरले, एक अर्धा बाहेर आला. पण मी सुटले नाही. "बुबू!" ती किंचाळली. शेजारचं दार उघडलं, आणि तो जिन्यावरून धडधडत पळाला.

आता ती सगळ्यांना सांगते, "आईच्या तेलाने वाचवलं!" न आलेल्या तेलाने! मी मात्र वाकड्या स्क्रूवर लोंबकळते आहे. ओसेआ 'पुढच्या आठवड्यात' येणार आहे, कित्येक आठवड्यांपासून.

तर मित्रांनो, घरी एकटे असाल तेव्हा आधी मला लावा, मग विचारपूस करा. फटीतून बोलल्याने पाहुणचार आटत नाही. आणि अधूनमधून माझे स्क्रू आवळा, एवढं तरी करा.

उनाईसी अजूनही हाक मारते. पण फटीत तोंड घालून, 'एकटी' हा शब्द गाळून. काल बुबू बाहेर खोळंबल्या. "मलासुद्धा साखळी?"

"काय आणलंय, बुबू?"

"भूक आणलीये. उघड!"