कुजायचं राहून गेलं

मी रोपाची पिशवी. वीतभर उंच, मांजरपाटाची, रंगाने तपकिरी. माझ्या शिवणीत खाडीचा चिखल अजून अडकलेला आहे आणि मी मात्र परत आले विदर्भात, दारव्ह्याजवळच्या गावात, रुखमाबाईच्या घरी. त्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नाही. मी पाहिला, आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी एका मोठ्या कंपनीचा साहेब गावात आला. त्याची कंपनी कोकणात खाडीकाठी खारफुटी लावायला पैसा देत होती. लाटा थोपवणारी, माशांच्या पिल्लांना आसरा देणारी ती झाडं. त्यांची रोपं प्लास्टिकच्या पिशव्यांत वाढवणं कंपनीला शोभेना, म्हणून सुती पिशव्या हव्या होत्या. काम रुखमाबाईच्या बचत गटाला मिळालं. ते टिकलं तर तिच्या सुनेला, मैत्रेयीला, नवऱ्यापाठोपाठ वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. मैत्रेयीनेच मला शिवलं, तेही गुणगुणत.

रुखमाबाईची एक जुनी सवय होती. पावसापाण्यात वापरायचं कापड असो की दोर, ती बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायची. मग ते लवकर कुजत नसे.

"आत्या, साहेबानं काढ्याचं कुठं सांगतलं?" मैत्रेयी म्हणाली.

"अवं, पान्यात राह्याची हाय ते. लगेच कुजली तं आपलं नाव जाईन."

मी काढ्यातून निघाले ती तोऱ्यातच. आपल्यासारखी पक्की पिशवी जगात नाही, असं मला वाटत होतं.

खाडीकाठी माझ्यात चिखल भरला आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लांबट बी खोचलं. त्याला पानं फुटली. मग सगळ्या रोपांना पिशवीसकट चिखलात बसवलं. साहेबलोकांनी फोटो काढले. कंपनीच्या नावाची पाटी रोपांपेक्षा कितीतरी उंच होती! पाटी रोवून लोक निघून गेले.

आता माझं काम एकच होतं, कुजायचं. मूळ माझ्या तळाशी येऊन ढोसू लागलं. वाट दे, वाट दे. मला फाटायचं होतं हो! पण काढ्याने मला सोडलं नाही. माझ्या पोटात ते पोर आतल्या आत गोल गोल फिरत राहिलं. पानं पिवळी पडली, मग नुसती काडी उरली. शेजारणींचीही तीच गत झाली.

साहेब मला उपटून इथे घेऊन आला. तो रागावला नाही, तेच वाईट.

"रुखमाबाई, ही मातीत विरून जायला हवी होती. मुळांनी बाहेर जायचं कसं?"

रुखमाबाई माझा तळ ओढून पाहत राहिली. "कुजाची होती? मंग तसं सांगाव ना, साहेब! आमी तं जीव लावून पक्की केली."

"मला वाटलं, सुती आहे, कुजेलच."

"एक डाव बिनकाढ्याची नेऊन पाहा. पाया पडतो तुमच्या."

"आता कंपनीने पैसा कासवांकडे वळवलाय. त्यांच्या अंड्यांना कुंपण घालायचंय."

"त्या कुंपनाले कापड नाही लागत काय?"

साहेब मला तिच्या हातात देऊन गाडीत बसला. गाडी गेल्यावरही रुखमाबाई दारातच उभी होती. मग तिने मला धुऊन खुंटीला अडकवलं.

तरी तिने आशा सोडली नाही. एक बिनकाढ्याची पिशवी तिने न्हाणीमागच्या ओल्या मातीत पुरली. रोज उकरून बघायची. आज सकाळी ती ओंजळभर काळ्या चिंध्या घेऊन धावत घरात आली.

"पाय वं मैत्रेयी, कशी सोन्यासारखी कुजली!"

मैत्रेयी गाठोडं बांधत होती. भट्टीवर नेणारी जीप फाट्यावर आली होती. तिने त्या चिंध्यांकडे पाहिलं आणि सासूला मिठी मारली. दोघी रडल्या. मग रुखमाबाईने हात धुतले, मला खुंटीवरून काढलं, माझ्यात दोन भाकरी घातल्या आणि मला सुनेच्या हातात दिलं.

"हे घेऊन जाय. पक्की हाय."

जीप चालू झाली आहे. मी मैत्रेयीच्या मांडीवर आहे. माणसांनो, पुढच्या वेळी कुणाला काम सांगाल तेव्हा ते कशासाठी आहे, तेवढं तरी सांगा. मी वेळेवर कुजले असते, तर ही पोर आज घरी असती.