दिलेला शब्द

त्या नाट्यगृहाला शहरात कुत्रंही ओळखत नव्हतं. पुढे शिंप्यांची दुकानं, मागे छापखाना आणि मधल्या बोळात एक दार. मुळात ते बर्फाचं गोदाम. भिंती हातभर जाड, त्यामुळे आत नाटक कितीही रंगलं तरी बाहेर कोणाला पत्ता लागत नसे. हा सगळा इतिहास एकाच माणसाच्या डोक्यात होता. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा होता, त्यावर लाकडी टोप. त्या खड्ड्यात छत्तीस वर्षं बसून तो नटांना विसरलेला शब्द देत आला होता. सगळे त्याला कुजबुज्या म्हणत. खरं नाव ठाऊक होतं ते बायकोला आणि हजेरीपुस्तकाला.

पालिकेने शहरातल्या अपरिचित वास्तूंची यादी काढली आणि त्यात हे नाट्यगृह आलं. दारावर पाटी लावायचा समारंभ ठरला. नाट्यगृहाच्या कार्यवाहांनी कुजबुज्याला चार दिवस समोर बसवून इतिहास उतरवून घेतला, आणि उपकाराची फेड म्हणून भाषणाच्या शेवटी त्याचं नाव घातलं. भाषण करणार होते दादा, तिथले मोठे नट. दादांच्या पाठांतराचा केवढा गाजावाजा! ते पाठांतर खड्ड्यात बसतं, हे एका कुजबुज्यालाच माहीत. ज्या माणसाने जन्मात एक नाटक घरी नेऊन वाचलं नाही, तो भाषण कशाला वाचतोय?

"तू खाली बस. तू सांगत जा, मी बोलत जातो," दादा म्हणाले. "आणि शेवटी तुझं नाव घेतो बघ. शब्द दिला!"

कुजबुज्या घरी गेला तो तरंगतच. बायकोने त्याला कामावर कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं, खड्ड्यातला माणूस कोणाला दिसतो? समारंभाच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन तिसऱ्या रांगेत बसली.

भाषण झकास चाललं. गोदाम, बर्फ, पहिला पडदा, सगळं खालून वर आणि वरून लोकांत. मग दादा हात पसरून म्हणाले, "आणि ज्याच्यावाचून ही वास्तू मुकी राहिली असती, तो माणूस म्हणजे..."

कुजबुज्याने कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्यांचे शब्द देण्यात हयात गेली होती, स्वतःचं नाव तोंडातून निघेना. शेवटी त्याने ते सांगितलं, आडनावासकट.

दादांच्या कपाळाला आठी पडली. हे नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. कुजबुज्याने पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने. दादांनी कपाळावर हात मारला.

"मंडळी, खाली आमचा कुजबुज्या बसलाय, सवयीने! माझं पाठ भाषण बिघडवतोय. भलत्याच नाटकातलं पात्र सांगतोय, लेकाचा!" सभागृह खदखदून हसलं. हशा ओसरू देऊन दादांनी आवाज लावला, "तो माणूस म्हणजे तुम्ही, रसिकहो!"

टाळ्या थांबता थांबेनात. त्या हशात उचकी लागल्यासारखं एक हसू होतं. ते कुजबुज्याने हजारांत ओळखलं असतं. बायकोचं होतं.

कार्यवाह नंतर खड्ड्याशी वाकले. "माझ्या लक्षात आलं हो. पण कार्यक्रम कसला रंगला! जाऊ द्या आता. हा किस्सा पाहुण्यांना सांगायच्या माहितीत घालू. लोक खूश होतील."

कुजबुज्याने मान हलवली. दुसरं काय करणार?

परतताना बायको सारखी डोळे पुसत होती, हसून हसून. "अहो, छत्तीस वर्षांत कधी नाही आणि आजच कसे चुकलात? दादांनी सांभाळून घेतलं म्हणून, नाहीतर केवढी शोभा झाली असती!" थोडं चालून झाल्यावर तिने विचारलं, "पण नाव कोणाचं सांगितलंत?"

"आहे एक जण," तो म्हणाला. "तुझ्या ओळखीचा नाही."