सिरिलभाऊचा गुडघा

किराण्याची पिशवी उंबऱ्याच्या आत टेकवून पास्कल रणपिसे वाकून चपलेचा पट्टा सोडू लागला, तेव्हा कांताबाईंनी त्याच्या खांद्यावरून गल्लीत पाहिलं.

“आजबी एकटेच?”

“गुडघा,” पास्कल मान वर न करता म्हणाला. “जिना उतरवत नाही त्याला.”

“अजून नाई उतरली सूज? मी त सांगतलं होतं ना, निरगुडीचा पाला गरम करून बांधा म्हणून. बांधला का त्याइनं?”

“बांधला. दोन दिवस बांधला आणि सोडून दिला. तुम्हाला माहीत आहे ना त्याचं.”

“माहीत आहे,” कांताबाई हसल्या. “कोनाचं ऐकतील त मग सिरिलभाऊ कायचे!”

पास्कलही हसला. आत येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, शेजारची खुर्ची सवयीनं रिकामी ठेवून. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि कांताबाईंचे यजमान लहानू, असे तीन फोटो एका ओळीत होते. चहा येईपर्यंत त्यानं सिरिलच्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या. डॉक्टरशी तो कसा भांडला, आणि दिवाळीला नंदनवनला, कांताबाईंच्या घरी, येणार म्हणजे येणारच, असं तो काल कसा म्हणाला. कांताबाई पदरानं हात पुसत ऐकत होत्या. निघताना त्यांनी जवसाच्या चटणीची बाटली त्याच्या हातात दिली.

“त्याइले द्या. अन् म्हणा, कांताबाई रागावली आहे.”

“सांगतो,” पास्कल म्हणाला.

सिरिलला एप्रिलमध्ये माती दिली होती. शवपेटीची मागची उजवी बाजू पास्कलच्याच खांद्यावर होती.

चर्चच्या योसेफ मंडळात दोघं एकाच वर्षी आले होते. मंडळ म्हणजे मिस्सा, रविवारची उपासना, झाल्यावर हॉलमध्ये जमणारे पंधरावीस पुरुष. कोणी रेल्वेतले, कोणी बँकेतले, बहुतेक निवृत्त. थंडीत घोंगड्या वाटायच्या, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी द्यायची, आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या घरी किराणा घेऊन जायचं. घरभेटीचा एक जुना नियम होता: एकट्यानं जायचं नाही, जोडीनं जायचं. पास्कलची जोडी सिरिलशी लागली ती कायमची. सिरिल स्कूटर चालवायचा, पास्कल मागे पिशवी धरून बसायचा. सिरिल बोलायचा, पास्कल मान हलवायचा. मेडिकलच्या बाहेर खिचडी वाढताना लहानू आणि कांताबाई भेटले ते सिरिलच्या बोलघेवडेपणामुळेच. उपचारासाठी आलेला लहानू त्या आजारातून उठला नाही. पुढे कांताबाई लोकांकडे पोळ्या करू लागल्या, मुलगी दामिनी नर्सिंगला गेली, आणि तेव्हापासून ही दर महिन्याची फेरी. कांताबाई दारात “जयभीम” म्हणायच्या आणि सिरिल मोठ्यानं “जयभीम, जय येसू, चहा ठेवा” असं एका दमात म्हणायचा.

तो गेल्यानंतरच्या महिन्यात पास्कल पिशवी घेऊन एकटाच गेला होता. सांगायचंच ठरवून गेला होता. पण कांताबाईंनी भर उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, “सिरिलभाऊ कुठी आहेत?” आणि त्याच्या तोंडून निघालं, “गावाला गेलाय. भावाकडे.” एवढंच. पुढच्या महिन्यात सिरिल गावाहून परत आला, पण गुडघा दुखावून आला.

बाकी कुठेच त्याच्याबद्दल कोणी काही विचारत नव्हतं. पहिले दोन रविवार मंडळात त्याच्यासाठी प्रार्थना झाली, मग दुसऱ्या कोणासाठी झाली. पास्कलची मुलगी रितिका हैदराबादहून फोन करायची, तिकडे कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या, आणि ती म्हणायची, “पप्पा, जेवलात ना?” तो म्हणायचा, “जेवलो.” मग फोन बंद व्हायचा. संध्याकाळी तो टीव्ही लावून ठेवायचा, आवाज बंद करून. स्वयंपाकघराच्या फळीवर जवसाच्या चटणीच्या बाटल्या साठत गेल्या. त्यानं एकही उघडली नव्हती.

नंदनवनातल्या त्या दोन खोल्यांत मात्र सिरिल डॉक्टरशी भांडत होता, औषधं चुकवत होता, दिवाळीची वाट बघत होता. महिनाभर काय सांगायचं ते पास्कल मनात जुळवत राहायचा. भाजी घेताना, पेन्शनच्या रांगेत उभा असताना, एखादी गोष्ट सुचली की त्याला बरं वाटायचं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी हॉलमध्ये चहा आणि आलुबोंडे आले होते. मंडळाचा अध्यक्ष अश्विन बँकेत मॅनेजर होता. बोलणं नीट, वेळ पाळणारा. थंडीच्या घोंगड्यांचं ठरलं, कोणी कुठून आणायच्या ते ठरलं. मग तो पास्कलकडे वळला.

“अंकल, तुम्ही नंदनवनला एकटे जाताय ना अजून?”

“जवळच आहे.”

“जवळ-लांबचा प्रश्न नाही, जोडीनं जायचं असा नियम आहे. आणि या वयात तुम्ही पिशवी घेऊन एकटे… या महिन्यात मी येतो तुमच्यासोबत. येत्या रविवारी, मिस्सा झाल्यावर.”

पास्कलनं कप बशीत ठेवला. “बरं,” तो म्हणाला.

“ग्रेसीआंटी बऱ्याच दिवसांत मिस्साला दिसल्या नाहीत,” पलीकडून कोणीतरी म्हणालं. ग्रेसी म्हणजे सिरिलची बायको.

“मुलीकडे गेल्या असतील. दुबईला.”

“नाही, इथंच आहेत. परवा बाल्कनीत दिसल्या.”

“कोणीतरी जाऊन यायला पाहिजे.”

“हो, जायला पाहिजे,” दोघातिघांनी माना हलवल्या. आलुबोंड्यांची थाळी फिरत पास्कलपर्यंत आली. त्यानं ती पुढे सरकवली.

रविवारची वाट न बघता तो शनिवारीच निघाला. अश्विनसमोर कांताबाईंनी गुडघ्याची चौकशी केली तर काय होईल, याचा विचार त्यानं रात्रभर केला होता. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. कसं सांगायचं ते मात्र कांताबाईंच्या गल्लीत स्वतःची स्कूटर लावेपर्यंत ठरलं नाही.

दार उघडंच होतं. दामिनी घरी होती, इस्त्रीचा नवा ड्रेस घालून. कांताबाईंनी त्याला बसू दिलं नाही, आधी हातावर पेढा ठेवला.

“लागली पोरगी! मोठ्या हॉस्पिटलात. एक तारखेपासून जाऊन राहिली.”

दामिनीनं खाली वाकून नमस्कार केला. पास्कलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला थोडा वेळ. हे ऐकायला सिरिल हवा होता. त्यानं गल्ली गोळा केली असती.

“बसा,” कांताबाई म्हणाल्या. त्या स्वतः जमिनीवर बसल्या, पण आज त्यांचं बसणं निराळं होतं, ताठ. “भाऊ, एक बोलाचं होतं. राग नका मानू. आता किराणा नका आणू.”

“का?”

“आमचं भागते आता. तुमच्या मंडळाले सांगा, दुसऱ्या कोनाले द्या. लय घरं आहेत. ही पिशवीबी घेऊन जा.” त्यांनी पिशवी हलकेच त्याच्याकडे सरकवली. “पन येनं बंद नाई करायचं. हातात काई न घेता या. पाहुण्यासारखे या दोघं. दिवाळीले या. सिरिलभाऊले म्हणा, दामिनीच्या पहिल्या पगाराची साडी नाई घेत मी, त्याइले शर्ट घेऊन राहिलो आम्ही. अन् तुम्हाले. मापाचा शर्ट पाठवून द्या म्हणा.”

पास्कलच्या हातात अर्धा पेढा होता. तो त्यानं बशीच्या कडेला ठेवला.

“दोघं नाही येणार,” तो म्हणाला.

“गुडघा…”

“गुडघा नाही. सिरिल नाही आता.”

“नाई म्हणजे?”

“वारला. एप्रिलमध्ये. घरीच. दुपारी झोपला तो उठला नाही.”

दामिनीनं पंख्याच्या बटणाला हात लावला होता, तो तिथेच राहिला. कांताबाई काही क्षण त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू त्यात आणखी काही बदल होणार होता.

“एप्रिल,” त्या म्हणाल्या. “मग मी चटण्या देऊन राहिली होती त्या?”

“घरी आहेत. माझ्या.”

“अन् निरगुडीचा पाला?”

पास्कलनं नकारार्थी मान हलवली.

“काहून गा भाऊ?” कांताबाईंचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “माणूस गेला अन् मले सांगतलं नाई? रडलीबी नाई मी त्या माणसासाठी. हसत होती इथं बसून. त्याइच्यावर हसत होती.”

“तुम्ही विचारायचात,” पास्कल म्हणाला. “तुम्ही नेहमीसारखं विचारायचात. मला उत्तर द्यावंसं वाटायचं.”

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि बऱ्याच वेळानं काढला. रडणं बेताचंच होतं, पण ते संपेपर्यंत कोणी हललं नाही. पास्कलला जाणवलं की आपणही गालावर हात फिरवतोय. दफनाच्या दिवशीही त्याला रडू आलं नव्हतं.

“घरी कोन आहे त्याइच्या?”

“बायको. ग्रेसी. मुलगी बाहेर असते.”

“एकटीच?”

“हो.”

“तुम्ही जाता ना?”

पास्कल पिशवीच्या बंदाकडे बघत राहिला. पहिल्या आठवड्यात घरात गर्दी असेल म्हणून तो गेला नव्हता. मग गर्दी सरली असेल म्हणून पाय उचलेना. नंतर इतके दिवस का आला नाहीत, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं, आणि दर आठवड्याला ते उत्तर अधिक कठीण होत गेलं. त्याची स्वतःची बायको स्टेला गेली, तेव्हा ग्रेसीनं तीन महिने दोन्ही वेळचा डबा पाठवला होता. डबा सिरिल आणायचा आणि तो संपेपर्यंत समोर बसायचा.

“मातीनंतर नाही गेलो,” तो म्हणाला.

कांताबाई उठल्या. आतल्या खोलीत गेल्या, बाहेर आल्या तेव्हा साडी बदललेली होती आणि केस ओले करून विंचरलेले होते.

“दामिनी, कणीक झाकून ठेव. चला भाऊ.”

“कुठे?”

“कुठी म्हणजे? ग्रेसीबाईले भेटायले.”

“आत्ता? फोन करून मग…”

“गमीच्या घरी फोन करून जात असते का कोनी?”

नंदनवनहून मोहननगरला, ग्रेसीकडे, जायला महाल भागातून रस्ता. शनिवारची गर्दी होती. कांताबाई मागे एका बाजूनं बसल्या होत्या, एक हात सीटच्या मागच्या दांडीला. पिशवी पास्कलच्या पायांशी होती. सदरच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी पास्कलची गाडी हलली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले.

“भाऊ,” कांताबाई म्हणाल्या, “दिवा सुटला.”

इमारत तीच होती. जिन्यात सायकली, कोणाच्या तरी घरातून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास. दुसऱ्या मजल्यावर दाराच्या चौकटीला लाकडी क्रूस होता, आणि खाली सिरिलच्या नावाची पितळी पाटी. पास्कलनं बेलकडे हात नेला आणि तिथूनच मागे घेऊन खिशातला रुमाल काढला. कांताबाईंनी त्याच्या बाजूनं पुढे होऊन बेल दाबली.

आतून कडी काढल्याचा आवाज यायला वेळ लागला. ग्रेसी बारीक झाली होती. चष्मा कपाळावर होता, तो तिनं खाली घेतला. आधी अनोळखी बाईकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या पास्कलकडे. त्याच्या हातांकडेही पाहिलं, काही आणलंय का ते.

“मंडळाकडून आलात?” तिनं विचारलं.

“नाही,” पास्कल म्हणाला. “असाच आलो.”

ती दारातून बाजूला झाली नाही. कांताबाईंनी काही न सांगता, न विचारता तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

“मी कांता. नंदनवनची. मले आजच समजलं, बाई. आजच.”

ग्रेसीनं तिच्याकडे नीट पाहिलं. ओळख पटत जाताना तिचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. “दामिनीची आई?” ती म्हणाली. “ते सांगायचे. परीक्षा झाली का तिची?”

“नोकरीले लागली.”

“लागली?” ग्रेसी म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे भरून आले. दोघी बायका दारातच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

मग सगळे आत आले. हॉलमध्ये पडदे ओढलेले होते, ते ग्रेसीनं सरकवले. पास्कल कडेच्या खुर्चीवर टेकला. ग्रेसी टेबलावरची वर्तमानपत्रं उचलत त्याच्याकडे न बघता म्हणाली,

“पहिले काही दिवस दुपारी मी कडी लावत नव्हते, पास्कलभाई. तुम्ही याल म्हणून. मग लावायला लागले.”

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. कालपरवाची हवा कशी होती ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. पास्कलनं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण ती वर्तमानपत्रं घेऊन आत निघून गेली होती. कांताबाई बोलावण्याची वाट न बघता तिच्यामागे गेल्या. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला, भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. ग्रेसीची हिंदी मिसळलेली मराठी आणि कांताबाईंची बोली, दोन्ही एकमेकींसाठी थांबत, अडखळत सुरू झाल्या. कोणीतरी कशावर तरी हसलंसुद्धा, अगदी थोडं.

पास्कल एकटाच बसून ऐकत होता.

“साखर चालते ना अजून तुम्हाला?” आतून ग्रेसीनं विचारलं.

“चालते,” तो म्हणाला.

आतला नळ सुरूच होता. आत ऐकू गेलं नसावं, म्हणून तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि पुन्हा एकदा सांगितलं.