उजव्या स्टँडमधले डबे

सेगावा तेत्सुरो गेल्याची बातमी आली, त्या दिवशी कुरोसेने दुकान बंद ठेवलं नाही. दिवसभर सायकलींची पंक्चरं काढत बसला. एका बाईच्या ट्यूबला भोक नसताना ठिगळ लावलं, आणि ती बिचारी काही न बोलता पैसे देऊन गेली. कुरोसेचं काय गेलंय ते आमच्या बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तेत्सुरो अठरा वर्षं आमच्या मिनातो क्रेन्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता आणि कुरोसे उजव्या स्टँडमधून संघासाठी गाणी वाजवणाऱ्या आमच्या पथकाचा म्होरक्या. ट्रम्पेट त्याचं, ढोल माझा. मी ओरिए. स्टेडियमच्या फाटकासमोर माझं जेवणाच्या डब्यांचं दुकान आहे. भात वाढताना आणि ढोल बडवताना बाईचा हात सारखाच सढळ, असं लोक म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

फाटकापाशी फुलांचा ढीग लागला. कुणी टोप्या ठेवल्या, कुणी सीलबंद बिअरच्या बाटल्या. माणसं यायची, हात जोडायची आणि मग माझ्या दुकानात येऊन तेत्सुरोच्याच गोष्टी काढायची. प्रत्येक डावात पहिला चेंडू टाकण्याआधी तो मागे वळून आमच्या स्टँडकडे बघायचा, ही गोष्ट तर हटकून. का बघायचा यावर अठरा वर्षं भांडणं झाली होती. कुरोसे म्हणायचा, वाऱ्यासाठी झेंडा बघतो. मला वाटायचं, देवाचं नाव घेतो. विचारायची सोय होती तेव्हा कुणी विचारलं नाही.

कोजो बेअर्सशी घरच्या मैदानावर सामना होता, त्या दिवशी त्याला निरोप द्यायचं ठरलं. कुरोसेला एकच हवं होतं. आमच्या लीगमध्ये पिचरलाही बॅट धरावी लागते. तेत्सुरो बॅट धरायचा ती पाहुण्यावर छत्री धरल्यासारखी. बॅटिंगला येणाऱ्या प्रत्येक गड्यासाठी पथक त्याचं गाणं वाजवतं. बाकी सगळ्या पिचरना मिळून एकच गाणं असतं, पण कुरोसेने याच्यासाठी वेगळं, चांगलं चार ओळींचं गाणं रचलं होतं. उपयोग शून्य. दुसरी ओळ संपेपर्यंत गडी आऊट होऊन परत!

"एकदा तरी पूर्ण वाजवायचंय गं," कुरोसे म्हणाला.

"वाजव की. आता त्याला कोण आऊट करणार?" मी बोलून गेले.

अशात एके दुपारी तेत्सुरोची बायको माझ्या दुकानात आली. काळे कपडे, हातात कापडी पिशवी. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. कुरोसे समोरच बसला होता, तो ताडकन उठून वाकला.

"मी कधी मैदानावर आले नाही, माफ करा," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षी एकदा आले आणि ह्यांची पहिल्याच डावात धुलाई झाली. तेव्हापासून माझ्या पायगुणाला भिऊन सासूबाईंनी घरात टीव्हीसुद्धा लावू दिला नाही. निकाल शेजारीण कुंपणावरून सांगायची."

"असं कसं, वहिनी, माफी कसली!"

"एक मागणं आहे. तुमचं ते गाणं त्या दिवशी वाजवाल? हे रोज दाढी करताना गुणगुणायचे. शेवटी हॉस्पिटलात बोलणं बंद झालं, तरी ओठ त्याच चालीवर हलायचे."

कुरोसे एकदम ताठ झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुठलं हो, वहिनी?" त्याने विचारलं. माहीत होतं लबाडाला, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिने लाजत लाजत, टेबलावर बोटाने ठेका धरत म्हणून दाखवलं. ताँ-तरा-ताँ, ताँ-तरा-ताँ.

माझ्या हातातली पळी भातातच राहिली. ती हागिवाराची चाल होती! बेअर्सचा तो रेडा, ज्याने आमच्या तेत्सुरोला जन्मभर छळलं, त्याचं गाणं. बेअर्सचे लोक बसतात त्या डाव्या स्टँडमधून ती चाल उठली की मला घास गोड लागत नसे.

कुरोसेचा चेहरा उतरलेला मला दिसला. तिला दिसला नाही, कारण तोवर तो कमरेत वाकला होता. "वाजवू, वहिनी. नक्की," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

ती गेल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "अरे, खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की नवरा शत्रूचं गाणं गात मेला?"

"डोक्यात ताप गेला असेल त्याच्या."

"रोज दाढी करताना ताप असतो का, बाई?"

तो पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, "त्याचं काही चुकलं नाही, ओरिए. बॅट घेऊन तो उभा राहायचा दोन मिनिटं. बाकी वेळ फेकत असायचा. फेकताना त्याच्या कानात कोण होतं? ते. त्यांची बॅटिंग, त्यांचा गोंगाट. आणि आपण काय करत होतो?"

मी भातातली पळी काढायला वळले.

"तुझं तळलेलं चिकन खात होतो."

खरंच होतं ते. आपली बॅटिंग असेल तेव्हा उभं राहून घसा फोडायचा, त्यांची असेल तेव्हा निमूट बसून डबे उघडायचे, ही सगळीकडचीच रीत. रीत म्हणून कधी लाज वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली. निरोपाच्या दिवशी उजव्या स्टँडमध्ये कुणी घास तोंडात घालायचा नाही, असं कुरोसेने पथकाला बजावलं. मीही दुकान बंद ठेवायचं ठरवलं. सामन्याच्या दिवशी बंद! लोकांना वाटलं, म्हातारीला वेड लागलं.

राहिलं गाणं. बेअर्सची चाल आमच्या स्टँडमध्ये वाजली असती, तर आमच्याच लोकांनी आम्हाला कठड्यावरून खाली टाकलं असतं. म्हणून कुरोसे बेअर्सच्या पथकाच्या म्होरक्याकडे, त्या दोईकडे, गेला. एका झेंड्यावर पाय पडल्यावरून दोघांचा कित्येक वर्षांचा अबोला होता. मारामारी झाली तर ओढायला कुणीतरी हवं, म्हणून मी सोबत गेले.

दोईचं टोफूचं दुकान आहे. हात पाण्यातून न काढताच तो म्हणाला, "झेंडा धुवायला आलास का?"

"हागिवाराचं गाणं मागायला आलोय."

कुरोसेने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता दोईचे हात पाण्यातच थांबले.

"हागिवाराने खेळणं सोडलं तेव्हाच आम्ही ते गाणं बंद केलं," तो म्हणाला. "जुनी माणसं गोळा करावी लागतील. करतो. पण तुझं स्वतःचं गाणं होतं ना रे त्याच्यासाठी?"

"होतं. त्याला नाही आठवलं."

दोईने हात पुसले, टोफूचा एक मोठा तुकडा बांधून कुरोसेच्या हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत. परतताना कुरोसे तो मांडीवर धरून बसला होता आणि मला एकदाही टोचून बोलला नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

निरोपाच्या दिवशी स्टँड गच्च भरला होता. तेत्सुरोची बायको आमच्या दोघांच्या मध्ये, मांडीवर त्याचा फोटो घेऊन बसली. सगळं मैदान उभं राहून शांत झालं, मग खाली बसलं, आणि बेअर्स बॅटिंगला आले. पलीकडे दोईचा हात वर गेला.

ताँ-तरा-ताँ, ताँ-तरा-ताँ.

तिने आधी कुरोसेच्या मांडीवरच्या ट्रम्पेटकडे पाहिलं, मग मैदानापलीकडे. "तिकडून येतंय," ती म्हणाली.

"हो, वहिनी. ते त्यांचं आहे. माझं कधीच नव्हतं. तुमच्यासमोर मला सांगवलं नाही."

ती ऐकत राहिली. एक फेरी संपल्यावर तिने विचारलं, "मग हे फेकत असताना तुम्ही काय वाजवायचात?"

"काही नाही. तशी रीत नाही. आम्ही..." कुरोसेची मान खाली गेली. "आम्ही जेवत असायचो."

तिने वळून पाहिलं. अख्खा स्टँड गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा बसला होता.

"आणि आज कुणीच का जेवत नाहीये?"

"त्यांचा मान म्हणून."

तिने तोंडावर हात दाबला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि मग दोन्ही होऊ लागलं. "अहो, हे घरी काय सांगायचे माहितेय? चेंडू टाकण्याआधी मी एकदा मागे वळून बघतो. उजवीकडचे लोक जेवताहेत, तोवर माझं बरं चाललंय. त्यांचे हात थांबले की समजायचं, आपलं काही खरं नाही." तिने फोटोची काच बाहीने पुसली. "आज बघितलं तर काय वाटेल ह्यांना? काळजीने जीव जाईल पुन्हा."

म्हणजे ना झेंडा, ना देव. तो आम्हाला बघत होता.

आणि आज माझ्याकडे भाताचं एक शीत नव्हतं! मला स्वतःचाच इतका संताप आला, की मी उठून मागे ओरडले, "काय असेल ते काढा रे! खा! तो बघतोय!" क्षणभर कुणी हललं नाही. मग एका पिशवीची कुरकुर झाली, मग दुसऱ्या. उपासाचा हुकूम झालेला, तरी कुणी बिस्किटं आणली होती, कुणी उकडलेल्या शेंगा, कुणी तर चक्क दुसऱ्या दुकानाचा डबा. हा निरोप वर वर जात शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

तिने पिशवीतून फोटोसमोर ठेवायला आणलेले दोन भाताचे गोळे काढले आणि एक कुरोसेच्या हातावर ठेवला. त्याने ट्रम्पेट माझ्याकडे दिलं. डोळे, नाक, सगळं वाहत होतं त्याचं. समोर हागिवाराची चाल अगदी रंगात आली होती. कुरोसेने मोठा घास घेतला, पिचर उभा राहतो त्या उंचवट्याकडे तोंड केलं, आणि लांबून दिसेल असा, जोरजोरात चावत राहिला.