केवळाबाईचं मडकं

चिंचहाळचं तळं कुणी दिलं असं विचारलं, तर आताची पोरं सरकारनं दिलं म्हणून सांगतात. ते खोटं नाही. पण त्या सरकारकडं ते दहा वर्षं मागावं लागलं होतं, आणि मागणाऱ्या सगळ्या बायका होत्या. त्यात शिवकांता होती. तळ्याचं पाणी बघून आनंद व्हावा की रडावं, हे मात्र तिला जन्मभर कळलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मुखेडच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं. माणिकप्पाची बायको शिवकांता लिंगायताच्या खात्यापित्या घरातली, पण त्या साली घरात दाणा राहिला नाही, तेव्हा तीही पदर पुढं ओढून खडी फोडायला बसली. तिच्या शेजारचा ढीग केवळाबाईचा. केवळाबाई ओढ्याच्या खालच्या वळणावरच्या बौद्धवस्तीतली. त्या वस्तीला गाव अजून जुन्याच नावानं हाक मारायचं. शिवकांताचा हातोडा दगडाला नुसता शिवून परत यायचा. केवळाबाईनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, एवढं जपून मारायला त्यो काय नवरा हाय तुमचा?"

सगळ्या बायका हसल्या. शिवकांताही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

केवळाबाई बोलायला लागली की हातोडे आपोआप सावकाश पडायचे. "ह्यो रस्ता कुठं चाललाय? बाजाराला. बाजारात न्यायला हाय काय आपल्याजवळ? ह्याच हातानं तळं खांदलं असतं तर फुडच्या साली प्यायला तरी झालं असतं." तळ्याची गोष्ट तिथं, त्या खडीवर निघाली.

केवळाबाईचं मडकं बाभळीखाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. गावच्या पाण्याला खालच्या वस्तीला शिवू देत नव्हते, म्हणून वस्तीतल्या बाकी बायकांबरोबर ती तांबडं फुटायच्या आत दोन कोसांवरच्या एका मळ्यातून पाणी आणायची. विहीर आटल्यामुळं गावातले लोक ओढ्यात झिरे खांदून पीत. त्या पाण्यात चिखल यायचा, गुरंही तिथंच तोंड घालायची. पण ते आपलं पाणी होतं.

शिवकांताची रत्ना नऊ वर्षांची. आईमागं येऊन ती खडीच्या कपच्या वेचायची. एका दुपारी उन्हानं पोरीचा जीव कासावीस झाला. ती बाभळीकडं बघत म्हणाली, "आई, मावशीच्या मडक्यातलं पाणी पिऊ?"

केवळाबाईनं 'पी' म्हटलं नाही, 'नको'ही म्हटलं नाही. तिनं फक्त मडक्यावरचं झाकण काढलं आणि हातात धरून ठेवलं. पलीकडं मुकादमाजवळ मलप्पा बसला होता, शिवकांताच्या भावकीतला जाणता माणूस. त्यानं मान वळवून इकडं बघितलं.

"थांब थोडं," शिवकांता लेकीला म्हणाली. "आपलं पाणी यायलंय."

झिऱ्याचं पाणी आलं. तिनं ते पदरातून गाळून पाजलं. रात्रीपासून पोरीला पटकी लागली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. जंगमानं तिच्या तळहातावर लिंग ठेवलं, विभूती लावली, बेलाची पानं घातली आणि लिंगायतांच्या रुद्रभूमीत तिला मांडी घालून मातीत बसवलं. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, निजवतही नाहीत. वर दोन चपटे दगड ठेवले.

त्या आठवड्यात गावातली सात माणसं पटकीनं गेली, म्हणून शिवकांताला कुणी बोल लावला नाही. खालच्या वस्तीत मात्र एकही गेलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि केवळाबाईच्याही आलं असणार. केवळाबाई त्यावर कधी एक अक्षर बोलली नाही. फक्त त्यानंतर तिनं आपलं मडकं बाभळीखाली ठेवलं नाही; शिवकांताला दिसणार नाही असं ढिगाच्या पाठीमागं ठेवायची.

पुढं दहा वर्षं अर्ज चालले. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद; तिथं जाऊन यायला दोन दिवस लागायचे, आणि साहेब दौऱ्यावर असायचा. मग लातूर जिल्हा झाला. गावात कुणी पेढे वाटले, कुणी झेंडा लावला. केवळाबाई म्हणाली, "आता सरकार एका यष्टीवर आलंय. चला."

तेहतीस बायका रिकाम्या घागरी घेऊन लातूरला गेल्या. नवं कार्यालय, खुर्च्या अजून यायच्या होत्या. एक कारकून पेटीवर बसून लिहीत होता. तो म्हणाला, "बाई, तुमचा कागद उस्मानाबादच्या पेट्यांत असंल. पेट्या यून ऱ्हायल्यात."

"यिऊ द्या की," केवळाबाई म्हणाली. "तवर आमी बसतो."

त्यांनी दारातच घागरी मांडल्या. आत जाणाऱ्याला धोतर सावरून, घागरी ओलांडून जावं लागे. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबाचाच पाय एका घागरीला लागला. ती पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली, तो आवाज ऐकून सगळं कार्यालय बाहेर आलं. शिवकांताची घागर होती ती. तिला पोचा पडला तो कायमचा. कागद त्याच दुपारी सापडला.

दिवाळीनंतर मोजणीवाले आले आणि त्यांनी ओढ्याकाठी झेंड्या रोवल्या. त्यांच्या साहेबानं महादेवाच्या देवळापुढच्या पारावर सगळ्यांना बसवून सांगितलं, "जागा दोनच आहेत. तळ्याची भिंत वरच्या वळणावर घातली तर पाणी लिंगायतांच्या रुद्रभूमीवर येतं. खालच्या वळणावर घातली तर वस्तीची तीस घरं जातात. रुद्रभूमी घ्यायची तर ज्यांची माणसं तिथं आहेत त्या अकरा घरांची संमती लागेल."

मलप्पा उठला. आता त्याचे केस पांढरे झाले होते. "मातीत बसलेल्यांना उठवता येत न्हाई, साहेब. आपल्या धर्मात ते बसत न्हाई. जित्यांचं तसं न्हाई, त्यांना पाय हाईत."

केवळाबाई पारावर नव्हती, पाराच्या खाली उभी होती. ती म्हणाली, "हाईत की पाय. आमच्या चार पिढ्या चालूनच राहिल्यात."

कुणी हसलं नाही. साहेबानं आठ दिवसांची मुदत दिली. आठ दिवसांत संमती आली नाही तर भिंत खालच्या वळणावर.

शिवकांता वाट बघत राहिली. तिला वाटलं, केवळाबाई येईल, दारात उभी राहील, विचारील. विचारलं असतं तर हो म्हणणं सोपं झालं असतं, नाही म्हणणंसुद्धा. पाच दिवस गेले. केवळाबाई आली नाही. सहाव्या दिवशी शिवकांता स्वतः ओढ्याच्या कडेनं खालच्या वस्तीत गेली. जन्मात पहिल्यांदा गेली.

केवळाबाई भिंत लिपत होती. हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते.

"घर बुडायलंय आन तू लिपून राहिलीस?"

"बुडंपस्तोर ऱ्हायाचं हाय न्हवं?"

शिवकांता उंबऱ्याशी टेकली. "तू मला एका शब्दानं इचारलं न्हाईस, केवळा."

"काय इचारू? लेक तुमची हाय तिथं."

केवळाबाईचा हात भिंतीवरून फिरत होता. मग शिवकांता म्हणाली, "त्या दिशी तू झाकण काढलं हुतंस."

केवळाबाईचा हात थांबला. "काढलं हुतं."

"तू म्हणायचं तरी. पाज म्हणायचं."

"म्हणले असते," केवळाबाई भिंतीकडंच बघत म्हणाली, "तर तुमी पाजलं असतं?"

शिवकांता उठली आणि आली तशी परत गेली.

संमतीच्या कागदावर घरातल्या कुणाचाही अंगठा चालत होता. तिनं शाईची डबी पुढं ओढली तेव्हा माणिकप्पा खांबाला टेकून बसला होता. तो ओरडला नाही. "एकदा पाण्यानंच नेली तिला," तो म्हणाला. "आता तूच परत पाण्यात घालतीस?"

"तीस घरं हाईत, आवं."

"आन आपली पोर?"

तिनं अंगठा उठवला. त्या दिवसापासून माणिकप्पा शेतातल्या आखाड्यावर, गुरांपाशी निजायला लागला. जेवायला घरी यायचा. बोलायचा ते गुराढोरांपुरतं. पुढं वीस वर्षांनी तो गेला, तोवर त्यानं रत्नाचं नाव बायकोसमोर काढलं नाही.

एक अंगठा उठल्यावर दुसरा उठला. मलप्पानं शेवटपर्यंत केला नाही, पण त्याच्या सुनेनं केला.

भिंत वरच्या वळणावर झाली. पाणी आलं ते दोन दिवस सावकाश चढत गेलं. शिवकांता बांधावर बसून होती. पहिल्यांदा बोरीचं झुडूप गेलं, मग कडेच्या समाध्या, मग ते दोन चपटे दगड. दगडांवरून पाणी सरकलं तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. बांधावर गावच्या बायका नारळ फोडत होत्या, आणि खालच्या वस्तीतल्या बायका त्यांच्याच घाटावर, त्यांच्याच शेजारी घागरी बुडवत होत्या. कुणी काही म्हटलं नाही. केवळाबाई लांबून एकदा तिच्याकडं बघून गेली.

दर सोमवारी शिवकांता बांधावर यायची आणि बेलाचं एक पान पाण्यावर सोडायची. पान कधी बुडालेल्या दगडांच्या बाजूला जाई, कधी भलतीकडंच. गावात पुन्हा पटकी आली नाही.

तीसेक वर्षं अशी गेली. केवळाबाईही गेली. मग ते वाईट साल आलं. दोन पावसाळे कोरडे गेले, तळ्याचा तळ उघडा पडला आणि गावात टँकर यायला लागला. घराला चार घागरी, त्याही भांडून. गावोगाव पावसासाठी अभिषेक चालले होते. शिवकांताही देवळात बसायची, हात जोडायची, आणि सगळ्यांबरोबर पाऊस मागताना तिचा आवाज मध्येच बारीक व्हायचा. कारण भेगाळलेल्या तळात, गाळातून कोपरे वर काढून, ते दोन दगड दिसत होते.

एका सकाळी ती काठी टेकत खालच्या वस्तीत गेली. केवळाबाईची सून सिंधु टँकरचं पाणी रांजणात ओतत होती.

"सिंधु, मला तुझ्या घरचं पाणी दे गं. थोडं."

"तुमच्याकडं आला न्हाई व्हय टँकर, आजी?"

"आलाय. मला तुझ्या घरचं पाहिजे."

सिंधुनं कोनाड्यातलं सासूच्या वेळचं लहान मडकं काढलं, धुतलं आणि भरून दिलं. त्या सालात ते काही थोडं पाणी नव्हतं.

म्हातारी तळ्यात उतरली. गाळाची पापडी पायाखाली मोडत होती. दगडांपाशी पोचायला तिला घटकाभर लागली. ती खाली बसली, जशी पोर आत बसली होती तशी, मांडी घालून. मडक्यावरचं झाकण काढून तिनं हातात धरलं. मग दोन दगडांच्या मधे सावकाश पाणी ओतलं. भेगेनं ते लगेच ओढून घेतलं. तिनं आणखी ओतलं. तेही गेलं. मडकं रिकामं होईपर्यंत ती ओतत राहिली.

ऊन वर चढल्यावर तिनं मडकं परत नेऊन दिलं. सिंधुनं आत डोकावून बघितलं. तळाशी थेंब नव्हता.

"लई तहान लागली हुती व्हय, आजी?"

"हाव," शिवकांता म्हणाली. "लई दिसाची."