माझ्यात चहा नव्हता

मित्रांनो, पोटात काय आहे ते बाहेर कळू द्यायचे नाही, हे मला जन्मतःच शिकवले गेले. मी एक निळा थर्मास आहे. आता म्हातारा झालो आहे. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे आम्हा भावंडांच्या पोटात उकळते पाणी भरून ठेवत आणि तासाभराने एक बाई आमच्या पाठीवरून हात फिरवत. पाठ गरम लागली की तो बाद. माझी पाठ गार होती. "हा पोटातलं ओठावर आणणार नाही," बाई म्हणाल्या. त्या कौतुकाने मी फुगलो. पुढे याच गुणापायी मान खाली घालावी लागेल, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

दुकानात मला एका सात वर्षांच्या मुलीने निवडले. तिच्या बाबांचा वाढदिवस होता. बाबा रोज सकाळी सातला रेडिओवर मुलांशी बोलत. कोडी घालत, प्राण्यांचे आवाज काढत. शाळेची तयारी करणारी मुले एकाच पायात मोजा घालून ऐकत बसत. सगळे त्यांना गप्पाकाका म्हणत आणि ते लेकीला खारूताई म्हणत. पहिली दोन वर्षे तीच माझ्यात चहा भरत असे आणि झाकण इतके आवळत असे, की काका म्हणत, "बाई गं, हे उघडायला आता पैलवान बोलवावा लागेल."

मग काका मला स्वतःच भरू लागले. चहा यायचा थांबला, दारू आली. आधी झाकणभर, मग गळ्यापर्यंत. कार्यक्रम सुरू होण्याआधी ते दोन घोट घेत आणि मगच बोलायला बसत. काचेपलीकडे यंत्रे सांभाळणारे त्यांचे मित्र बसत. खारूताईचे ते यंत्रकाका. त्यांना सारे ठाऊक होते. गप्पाकाकांची जीभ जड झाली की ते हळूच बटण दाबून एखादा जुना कार्यक्रम लावून देत. अशा कार्यक्रमांच्या चौदा फिती त्यांच्या कपाटात कायम तयार असत. मित्राला आपण सांभाळून घेतो आहोत, असे त्यांना मनापासून वाटे. मलाही तसेच वाटे. आम्ही दोघेही चुकलो.

खारूताई दहा वर्षांची असताना सुट्टीत स्टुडिओत आली. काका आत बोलत होते, मी बाहेर टेबलावर होतो. तिला ठसका लागला. तिने माझ्यातून झाकणात थोडे ओतून घेतले, एक घोट घेतला आणि तोंड वाकडे करून थुंकून टाकला. घरी जाऊन तिने आईला सांगितले, की बाबांच्या थर्मासात चहा नाही, दारू आहे. आईने विचारले, तेव्हा काका रेडिओवरच्या त्याच गोड आवाजात म्हणाले, "अगं, खोकल्याचं औषध होतं ते. पोरीला खोटं बोलायची सवय लागतेय. लक्ष ठेव जरा."

ती यंत्रकाकांकडे धावली. तुम्ही तरी आईला सांगा, म्हणून विनवू लागली. ते फडक्याने बटणे पुसत राहिले. "औषधच असेल, बाळा," एवढेच म्हणाले. शाळेतल्या बाईंना सांगितले, तर त्या रागावल्याच. एवढ्या भल्या माणसाबद्दल, तेही स्वतःच्या बाबांबद्दल, असे बोलतात का? मुले तिला थापाडी म्हणू लागली. आणि मी? मी गार पाठीने टेबलावर उभा होतो. एकदा तरी गळायला हवे होते मी.

वर्षभराने काका कार्यक्रम चालू असतानाच कोसळले. दवाखाना झाला, मग पाच महिने व्यसनमुक्ती केंद्र. रेडिओवर मात्र सांगितले गेले, की काका परदेशी गेले आहेत. ते परतले त्या सकाळी रेडिओ केंद्राच्या साहेबांनी त्यांच्या हाती एक कागद ठेवला. त्यावर प्रवासाच्या गमतीजमती लिहिल्या होत्या. साहेबांचे म्हणणे, झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आत गेले. यंत्रकाकांनी मला घासूनपुसून साधे पाणी भरून त्यांच्याजवळ ठेवले होते.

"मुलांनो, मी परदेशी गेलो नव्हतो," काका म्हणाले. "मला दारूचं व्यसन आहे. तो आजार आहे आणि मी त्यावर उपचार घेतोय. हे सगळ्यात आधी माझ्या मुलीनं ओळखलं. तिनं खरं तेच सांगितलं. मी तिला खोटारडी ठरवलं."

काचेपलीकडून साहेब बटण दाबण्याची खूण करत होते. यंत्रकाकांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिले.

मी काकांच्या पिशवीतून घरी आलो. खारूताई दारातच उभी होती.

"हे माझ्या बाईंसमोर का नाही बोललात तेव्हा?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी काका तिच्या शाळेत गेले आणि भर वर्गात सगळे सांगून आले. बाईंनी तिची माफी मागितली. ज्यांनी रेडिओवर ऐकले होते, त्यांतल्या कित्येकांनी पत्रे लिहिली. काहींनी घरातला रेडिओ बंद केला. काका पुन्हा प्यायले नाहीत.

पण सगळे काही परत येत नाही, मित्रांनो. खारूताई आता मोठी झाली आहे. तरी बाहेर पाऊस पडतोय असे सांगितले, की पाठोपाठ म्हणते, "खरंच सांगतेय, हवं तर खिडकीतून बघा." काका बघत नाहीत. मुकाट्याने छत्री घेतात. ते शेपटीसारखे वाक्य मात्र अजून तिच्या जिभेवरून गेलेले नाही.

म्हणून सांगतो, घरात कुणाला असा आजार जडला, तर तो तुमच्यामुळे जडत नाही आणि तो लपवणे हे तुमचे काम नाही. एका मोठ्या माणसाला सांगा. त्याने कानाडोळा केला तर दुसऱ्याला सांगा, मग तिसऱ्याला. कुणीतरी ऐकेपर्यंत थांबू नका. आणि तुमच्यापैकी कुणाला एखादा मित्र असे काही सांगू लागला, तर हसू नका; त्याच्याजवळ बसा आणि शेवटपर्यंत ऐकून घ्या.